एका गुणाची अयोग्य मुलगी

माननीय वैद्यकीय शिक्षण मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सादर नमस्कार.

मी इंदूरच्या राजेंद्रनगरात राहते, एका खासगी दवाखान्यात चौदा वर्षं आयाचं काम करते. परवा माझ्या मुलीला बीएस्सी नर्सिंगच्या खिडकीवरून परत पाठवलं. प्रवेश परीक्षेत ती पास आहे. पण बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ४५ टक्के हवेत, आणि हिचे ३०० पैकी १३४ भरतात. १३५ असते तर चाललं असतं. इंग्रजीत ७१ आहेत, पण इंग्रजीत नुसतं पास व्हायचं असतं, ते गुण या बेरजेत धरत नाहीत. बाबूंनी कॅल्क्युलेटर दोनदा दाबून दाखवला. आम्हाला भागाकार येतो, साहेब.

हे १३४ कसे झाले तेही ऐका, अर्जात त्याला रकाना नाही. डिसेंबरात सासूबाईंना पक्षाघात झाला. माझी ड्यूटी रात्रीची. त्यांची कूस बदलायची, पाठीवरच्या जखमेचं ड्रेसिंग करायचं, लघवीची पिशवी मोजून रिकामी करायची, सगळं पोरीनं केलं. किती मिली ते कॅलेंडरच्या पानामागे लिहायची, तीन वेळा, तारखेसकट. आमच्या सिस्टरनं ते पान पाहिलं आणि म्हणाल्या, आमच्या ट्रेनी एवढा नीट चार्ट ठेवत नाहीत. सासूबाई परीक्षेच्या तोंडावरच गेल्या. फिजिक्सचा पेपर तेराव्याच्या आत आला. गुण ३९. रीटोटलिंगचे पैसे भरले, उत्तर आलं, ‘कोई परिवर्तन नहीं’.

नियमच नको असं मी म्हणत नाही. बायोलॉजी न येणाऱ्या नर्सकडून मीही सुई टोचून घेणार नाही. राखीव वर्गाला ४० ची सवलत आहे, ती असावीच. पण कॉलेजांचे गुण कोण मोजतं? हायकोर्टाच्या हुकमानं सीबीआयनं तीनशेच्या वर नर्सिंग कॉलेजं तपासली, १६९ ना ‘योग्य’ म्हटलं. मे २०२४ मध्ये सीबीआयलाच आपला निरीक्षक लाच घेताना धरावा लागला, आणि त्याच १६९ ची पुन्हा तपासणी! वर त्याच वर्षी तुमच्या सरकारनं नव्या नियमांत कॉलेजच्या इमारतीची अट वीस-तेवीस हजार चौरस फुटांवरून आठ हजारांवर आणली. भिंतींना बारा हजार फुटांची माफी, पोरीला एका गुणाची नाही. वा!

आणि ज्या आत शिरल्या त्यांचं काय? २०२०-२१ च्या मुली परीक्षेविना तीन-तीन वर्षं पहिल्याच वर्षात बसून होत्या. फी मात्र कुणाची थांबली नसेल.

बाबू म्हणाले, जीएनएम करवा, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तिथे ४० चालतात. करेल ती. पण मला सांगा, जीएनएमच्या हातातलं सलाईन वेगळं असतं का? नंतर नोकरीत मात्र डिग्री आधी विचारतात.

एखाद-दोन गुण कमी पडलेल्या मुलींची प्रत्यक्ष कामाची चाचणी घ्या. वॉर्डात उभं करा, चादर बदलायला सांगा, बीपी घ्यायला सांगा. माझी मुलगी नापास झाली तर मी पुन्हा पत्र लिहिणार नाही.

सोबत मार्कशीटची झेरॉक्स आणि कॅलेंडरची दोन पानं जोडली आहेत. पानं तेवढी परत पाठवा, पुढच्या बाजूला दूधवाल्याचा हिशोब आहे.

आपली,
एक आया, राजेंद्रनगर, इंदूर