थंडीतली बाग

निफाड, ८ जानेवारी

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, चेन्नईत जानेवारी लागलाय हे कॅलेंडर बघूनच कळतं. इथे तशी सोय नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहावर उतरला की निफाड पेपरच्या पहिल्या पानावर येतं, आणि बाबा कानटोपी घालून तो आकडा मला मोठ्याने वाचून दाखवतात. जसं काही पहाटेच्या नळाने मला आधीच सांगितलेलं नसतं!

पण थंडीत बाग झोपलेली असते, हे तुझं म्हणणं मला पटलं नाही. शेवंतीचंच बघ. एकाच रोपाचे फुटवे काढून दोन कुंड्या भरल्या होत्या. मागच्या अंगणातली नोव्हेंबरातच पिवळीधमक झाली. ओट्यावरची मात्र नुसती हिरवीगार, कळीचा पत्ता नाही. माती तीच, खत तेच. गल्लीत नवा पांढरा दिवा लागलाय, तो रात्रभर ओट्यावर पडतो, एवढाच काय तो फरक. शेवंती कळी धरते ती रात्र लांबली की, आणि हिला रात्र मिळतच नाही. फुलशेती करणारे मुद्दाम दिवे लावून शेवंतीचा बहर सणावारापर्यंत लांबवतात, ते याच हिशेबाने. कुंडी मागे अंधारात नेऊन ठेवली आहे, बघू काय म्हणते.

आंब्याला मात्र थंडीच लागते. गेल्या वर्षी जी बाजू लगडली होती, तिकडे यंदा तांबूस पालवी आहे आणि विहिरीकडच्या फांद्यांवर मोहोर. खालची पानं हाताला चिकट लागतात, म्हणजे मोहोराचा रस शोषणारे तुडतुडे आलेच.

कुंपणाच्या भिंतीवर थिरथिरा पक्षी परत आलाय. काळा अंगरखा, पोटाखाली विटकरी रंग, आणि बसल्या जागी शेपटी अशी थरथरवतो की नाव कोणी ठेवलं ते विचारायला नको. मी वाफा खुरपायला बसले की हातभर अंतरावर उतरतो, वर आलेला किडा उचलतो आणि पुन्हा भिंतीवर. एप्रिलच्या आत निघून जाईल.

शेजारच्या काकांची द्राक्षं आता पाणी उतरण्याच्या, म्हणजे मणी मऊ होऊन रस भरण्याच्या बेतात आहेत. या दिवसांत रात्री पारा फार घसरला की मणी तडकतात. म्हणून ते पहाटे उठून ठिबक चालू करतात, बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करतात. दिवसा कडक ऊन आणि रात्री कडाका असं झालं की हिरवे मणी गुलाबी पडतात, त्याला सगळे पिंक बेरीच म्हणतात. ती टाळायला घडांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळायचे. अख्खी बाग बातम्या पांघरून बसली आहे. बाबांचा तो थंडीचा आकडाही त्यात कुठेतरी असणारच.

आणखी एक. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, हे शाळेत शिकलास. पण सकाळ काही त्या दिवसापासून लवकर होत नाही. संध्याकाळ डिसेंबरातच लांबायला लागते, सूर्य उगवायला मात्र संक्रांतीपर्यंत रोज थोडा थोडा उशीरच होत जातो. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात ना, ते पहाटे उठणाऱ्या बाईला तरी शंभर टक्के खरं वाटतं.

रविवारी आम्ही नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेलो होतो. चक्रवाक आलेत, थापट्या बदकं आहेत, आणि तलवार बदकांचा मोठा थवा गाळपेराच्या, म्हणजे पाणी ओसरलेल्या गाळात पेरलेल्या रानाच्या कडेला होता. हे २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा झालं. तुझ्या ऑफिसच्या रस्त्याला लागून पल्लिकरणैची दलदल आहे, तीही २०२२ पासून रामसर यादीत आहे. रोज बसमधून बघतोस आणि मला म्हणतोस, इथे काही बदलत नाही! एखाद्या सकाळी जाऊन ये. तलवार बदक ओळखायला सोपं: नराची मान लांब, चॉकलेटी डोकं आणि शेपटीचं टोक सुईसारखं. दिसलं तर फोटो पाठव, आणि नाही दिसलं तरी जे दिसेल ते कळव.

बोरं पिकलीत, पण कुरिअरमध्ये त्यांचा लगदा होतो. म्हणून तिळाच्या वड्याच पाठवते आहे. रूम पार्टनरलाही दे.

तुझी,
आई