नळीतले शिसे काढा, मग बंदूक जमा करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आचारसंहितेच्या काळात पोलिस ठाण्यात जमा केलेली शेतीसंरक्षणाची बंदूक 'गंजून परत मिळाली', अशी तक्रार करणारे एका बागायतदाराचे पत्र आपल्या अंकात वाचले. तक्रार खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण असल्या ज्या बंदुका माझ्यापुढे येतात, त्यांतल्या बऱ्याच नळ्यांत गंजाच्या आधी शिसे बसलेले असते, आणि ते ठाण्याची पायरी चढण्यापूर्वीच बसलेले असते.

मी फौजेत ईएमईमध्ये (यंत्रे-शस्त्रे सांभाळणाऱ्या दलात) आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा होतो. आता कुडाळ तालुक्यात गावी असतो. दुरुस्ती करत नाही, ते काम परवानाधारक दुकानदाराचे. पण लोक नळी घेऊन येतात, "जरा बघा" म्हणतात, आणि बघायला परवाना लागत नाही.

मागे शेजारच्या वाडीतले एक काजू बागायतदार नवीकोरी एकनळी बारा बोरची छर्ऱ्यांची बंदूक घेऊन आले. लोकसभेच्या वेळी जमा केलेली, नुकतीच सुटून आलेली. "पोलिसांनी माझ्या बंदुकेची वाट लावल्यानी," हे पहिले वाक्य. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळी उतरवली, पडवीच्या उजेडाकडे धरली आणि काडतूस बसते त्या बाजूने आत पाहिले. चेंबर (काडतूस बसते ती जागा) संपल्यावर नळी जिथे निमुळती होते, तिथपासून वीतभर लांबीत राखाडी, निस्तेज पट्टे उभे उतरले होते. तसेच थोडे तोंडाशी, नळी जिथे किंचित आवळते त्या चोकमध्ये. कोरडी पांढरी चिंधी घट्ट बसवून फिरवली, तर ती त्या वीतभरात अडखळली आणि बाहेर आली ती काळपट होऊन. तांबडा डाग कुठेच नव्हता. गंज असता तर चिंधी तपकिरी झाली असती. बंदुकीच्या दारूची काजळी असती तर तेलाच्या चिंधीने निघून गेली असती. शिसे चिंधीला दाद देत नाही. ब्रश फिरवल्यावर खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर (आपलेच होते) बारीक चमकदार चुरा पडला, तेव्हा त्यांचा विश्वास बसला.

फौजेत रायफलच्या गोळीला तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण असते, त्यामुळे हा प्रकार तिथे जवळजवळ दिसत नाही. बारा बोरच्या काडतुसात मात्र तीसेक ग्रॅम उघडे शिसे छर्ऱ्यांच्या रूपात असते. बार निघताच ते छर्रे एकमेकांवर दाबले जातात आणि बाहेरच्या कडेचे नळीला घासत जातात. नव्या काडतुसात छर्रे प्लॅस्टिकच्या कपात बसवलेले असतात, त्यामुळे घासणे पुष्कळ कमी होते. जुन्या पद्धतीच्या, नुसता नमदा (दाबलेल्या लोकरीची चकती) घातलेल्या काडतुसात ती आड नसते. त्यात नळी नवी आणि स्वस्तातली असेल, आतून क्रोमचा थर दिलेला नसेल, तर यंत्रावर भोक पाडताना राहिलेली बारीक कडी, म्हणजे गोल चरे, तशीच असतात. किसणीने खोबरे ओढावे तशी ती कडी छर्ऱ्यांचे शिसे ओढून घेतात.

"वापरून वापरून नळी गुळगुळीत होईल, काळजी नको," असे दुकानदार सांगतो. ते खोटे नाही, पण आपल्या उपयोगाचे नाही. मातीच्या तबकड्यांवर नेम धरणारा खेळाडू एका सरावात शेकड्याने काडतुसे उडवतो, त्याची नळी लवकर घोटली जाते. आपला बागायतदार माकडे हाकलायला अधूनमधून हवेत बार काढतो. काडतुसांचा कोटाही परवान्यावर लिहिलेला. त्या हिशेबाने नळी घोटली जायला नातू परवानाधारक व्हावा लागेल. तोवर शिसे साचत राहते. त्याच्याखाली काजळी आणि ओल अडकते, वरून कितीही तेल लावा, ते खाली पोचत नाही. लोखंड आतल्या आत खाल्ले जाते. पुढे शिसे निघते तेव्हा खालून खड्डे दिसतात, आणि ते काही केल्या भरत नाहीत.

२०२४ साली लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि निकाल ४ जूनला. म्हणजे बंदूक उन्हाळाभर आत, आणि सुटायची वेळ नेमकी पावसाच्या तोंडाला. विधानसभेची घोषणा १५ ऑक्टोबरला, कोकणात हवा अजून दमट असताना. छाननी समितीकडून ज्यांना सूट मिळाली त्यांचे सोडा, बाकीच्यांनी जमा करण्याआधी एक संध्याकाळ काढावी.

नळी उतरवून आधी कोरड्या चिंधीने काजळी काढावी. मग आतून टर्पेंटाइन किंवा पातळ बंदुकीचे तेल लावून रात्रभर तोंड खाली करून उभी ठेवावी, म्हणजे तेल मागच्या यंत्रात उतरत नाही. रॉकेलही चालते, पण रेशनवरचे रॉकेल आता शोधायचे कुठे? सकाळी बारा बोरच्या मापाचा फॉस्फर ब्राँझचा ब्रश गजाला लावून मागून पुढे ढकलावा, तोंडातून पूर्ण बाहेर काढावा आणि मगच मागे ओढावा. मधेच उलटा फिरवला की तारा मोडतात. सगळी मेहनत त्या पहिल्या वीतभरात आणि चोकमध्ये करायची, मधल्या नळीत फारसे काही नसते. पट्टे हट्टी असतील तर झिजलेल्या ब्रशावर सर्वांत बारीक, चार शून्याची स्टीलवूल गुंडाळून, तेलात भिजवून फिरवावी. पॉलिश पेपर अजिबात नको. हे सगळे ओले करावे. कोरडे घासल्यास शिशाची धूळ नाकातोंडात जाते. काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर नको, मुलांच्या आसपास नको. हात साबणाने धुतल्याशिवाय तंबाखू मळू नये. चिंध्या चुलीत न जाळता वेगळ्या बांधून ठेवाव्यात. शेवटी तेलाचा पातळ हात. आणि पुढचा बार काढण्याआधी ते तेल पुसायचे.

आमच्याकडे दोन गावठी उपाय चालतात, त्यांविषयी स्पष्टच लिहितो. एक म्हणजे नळीचे एक तोंड बुचाने बंद करून पारा ओतायचा आणि हलवायचा. पारा शिसे उचलतो हे खरे. पण त्याची वाफ विषारी आहे, आणि दुनळीच्या दोन नळ्यांमधली पट्टी कथील-शिशाच्या डाखाने (सोल्डरने) बसवलेली असते. पारा तिथवर पोचला तर तो डाखही खातो. दुसरा उपाय नळी निखाऱ्यावर धरण्याचा. शिसे वितळायला ३२७ अंश सेल्सियस लागतात, डाख त्याच्या कितीतरी आधी सुटतो. पट्टी हातात येते आणि शिसे आत तसेच. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे मिश्रण मोबाइलवर पाहून करणारेही आता भेटतात. त्यातून शिशाचा विषारी क्षार तयार होतो आणि पोलादही खरवडते.

शिशाच्या पातळ थराने नळी फुटते, असे सांगून घाबरवणारेही आहेत. नळी फुटते ती आत अडकलेल्या चिंधीने, चिखलाने, किंवा कुंभारीण माशीच्या मातीच्या घराने. भिंतीला टांगलेल्या बंदुकीत ही माशी घर करते, जमा केलेल्या बंदुकीत करणार नाही असे थोडेच आहे? सुटून आलेल्या बंदुकीच्या नळीतून उजेड पाहिल्याशिवाय काडतूस भरू नये.

आता पोलिसांकडे मागणे. जमा करताना बंदूक फोमच्या रेक्झिन कव्हरात घेऊ नये. फोम ओल धरतो, नळी त्यात महिनोन्महिने घामेजते. साध्या सुती कापडात घ्यावी. आणि मुक्काम महिन्याच्या वर जाणार असेल, तर मालकाला ठाण्यातच, अंमलदारासमोर, एकदा नळीतून तेलाची चिंधी फिरवू द्यावी. पाच मिनिटांचे काम आहे, काडतूस तिथे नसतेच. जिल्हाधिकारी कार्यालयाने जमा करण्याच्या आदेशातच या दोन ओळी घातल्या, तर ठाण्यागणिक वेगळे उत्तर ऐकावे लागणार नाही.

आपला,
एक निवृत्त आर्मरर
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती. आधीच पडवीत गर्दी असते.)