दाढीवाली गंगा

रोम,
रविवार, रात्री अकरा

प्रिय बाळ्या,

स. न. वि. वि. वगैरे. त्रेवीच्या कारंज्यात टाकायला तू दिलेलं पाच रुपयांचं नाणं त्रेवीत पडलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. कुठे पडलं ते शेवटी. मधलं गाळून तिथे उडी मारलीस तर तुला शपथ आहे.

लेक म्हणाली, "बाबा, पहाटे जा, नाहीतर नुसती डोकी दिसतील." साडेसहाला पोचलो, तरी डोकीच. एक नवरी पांढऱ्या झग्यात फोटो काढून घेत होती आणि तिच्यामागे समुद्रदेव बिचारा ताटकळत उभा. कारंजं म्हणजे 26 मीटर उंच आणि 49 मीटर रुंद अशी वाड्याची दर्शनी भिंतच. काम सुरू झालं 1732 मध्ये. ज्या वर्षी आपल्या शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली, तेच साल! आपला वाडा दोन वर्षांत उभा राहिला, यांचं कारंजं 1762 ला पुरं झालं. आराखडा करणारा निकोला साल्वी 1751 मध्येच वारला. तीस वर्षं रेंगाळलेलं काम पाहून मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

पण तुला माझी खोड माहीत आहे. पाणीपुरवठा खात्यात जन्म काढलेल्या माणसाला पुतळे नंतर दिसतात, आधी तो पाणी कुठून येतं ते शोधतो. हे येतं अ‍ॅक्वा व्हिर्गो नावाच्या नळातून. आग्रिप्पा या रोमन सेनापतीने तो इसवी सनापूर्वी 19 मध्ये बांधला. लांबी वीसेक किलोमीटर, बहुतेक सगळा जमिनीखालून. पंप नाही, मोटर नाही, फक्त उतार. मधल्या काळात मोडकळीला आला, 1453 मध्ये पोप निकोलस पाचव्याने दुरुस्त करवला. पण उतार बेताचा, म्हणजे दाबही बेताचाच. आता हेच पाणी जिथे जातं त्या स्पॅनिश पायऱ्यांपाशी शिल्पकार पिएत्रो बर्निनीने यावर काय केलं बघ. पाणी वर उडणार नाही म्हटल्यावर पठ्ठ्याने अर्धी बुडालेली दगडी होडी केली, रस्त्याच्या पातळीच्याही खाली. पाणी होडीतून नुसतं गळत राहतं आणि लोकांना वाटतं, काय कल्पना आहे! दाब नसला की आम्ही टँकर पाठवायचो.

तिथे पायरीवर बसून मला आपला कात्रजचा नळ आठवला. नानासाहेबांनी बांधलेला, तोही जमिनीखालून, तोही उतारावर, मध्ये मध्ये उच्छ्वास, म्हणजे हवा जायला ठेवलेली तोंडं. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद सगळे त्यावरचे. आणि आपण दोघं फडके हौद म्हणजे बसस्टॉप असं समजत लहानाचे मोठे झालो.

इथे गल्लोगल्ली बिडाचे नळ आहेत, अखंड वाहणारे. 1874 पासूनचे. 'नाझोने' म्हणतात, म्हणजे नाकाड्या. तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून पाण्याची धार उडते आणि आयतं पिता येतं. पहिल्या वेळी ती धार थेट चष्म्यावर आली. शेजारची म्हातारी खूप हसली. वाहतं पाणी बघून माझा हात दोनदा चावी शोधायला गेला. चावीच नाही.

पँथिऑन या जुन्या रोमन देवळाला तिकीट आहे, ते असू दे. एवढंच सांगतो की सम्राट हॅड्रियनने ते नव्याने बांधलं, पण कपाळावर नाव मात्र आधीच्या आग्रिप्पाचंच कोरून ठेवलं. कोनशिलेवर स्वतःचं नाव न घालणारा सत्ताधीश! घुमटाचा व्यास 43 मीटरच्या वर आणि जमिनीपासून उंचीही तेवढीच. सळई नाही, नुसतं काँक्रीट, वर जाल तसं हलकं होत गेलेलं. माथ्याला उघडं भोक. पाऊस आत येतोच. म्हणून फरशीला जरा फुगवटा दिलाय आणि तिच्यात पाणी जायला बारीक भोकं आहेत. सगळे माना वर करून बघत होते, मी वाकून भोकं बघत होतो. लेक लांब जाऊन उभी राहिली.

आता नाणं. पिआत्झा नवोना हा चौक सम्राट डोमिशियनच्या शर्यतीच्या मैदानावर वसलाय, म्हणून लांबट. मध्ये जान लोरेन्झो बर्निनीचं, म्हणजे होडीवाल्या पिएत्रोच्या पोराचं, 1651 चं चार नद्यांचं कारंजं. कर बसवून बांधलेलं. लोक तेव्हा म्हणाले होते, कारंजी नकोत, भाकरी द्या. चार खंडांच्या चार नद्या: डॅन्यूब, नाईल, रिओ दे ला प्लाता आणि, बाळ्या, आपली गंगा! नाईलच्या तोंडावर फडकं आहे, कारण तिचा उगम तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता. गाईड रंगवून सांगत होता, की समोरचं बोरोमिनीचं चर्च अंगावर पडेल म्हणून प्लाताने हात वर केलाय. पण चर्चचं काम सुरूच झालं 1652 ला! मी गप्प बसलो. (हो, बसलो.)

मी गंगा शोधत होतो. साडी नाही तर नाही, निदान बाई तरी असेल. तर हा बाप्या! दाढी, पीळदार दंड, हातात लांब वल्हं. इथे नद्यांना पुरुष मानायची रीत आहे, रोमच्या तैबर नदीलासुद्धा 'तो'च म्हणतात. वल्हं का, तर गंगेत दूरवर होड्या चालतात एवढं त्यांच्या कानावर होतं. आपली आई काशीच्या गाडीत पूल आला की आपल्याला उठवून हातात नाणं द्यायची, आठवतं? तुझं नाणं मी खिशातून काढलं, कपाळाला लावलं आणि त्या दाढीवाल्याच्या पायाशी टाकलं. "जय गंगे" की "जय गंगोबा", या घोळात तोंडातून काहीच निघालं नाही.

पोलीस बघत नव्हता. वहिनींना सांगू नकोस, त्या पुन्हा म्हणतील दिलेलं नाणं भलतीकडे टाकलं. गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
अण्णा