छापण्याआधी चित्र वावरात दाखवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या शेतीच्या पानावर गेल्या आठवड्यात फवारणीची काळजी सांगणारं अर्धं पानभर माहितीचित्र आलं. विषय अगदी वेळेवरचा. पण पान आतलं, काळं-पांढरं. कीटकनाशकाच्या डब्यावरच्या चौकोनात विषाची तीव्रता सांगणारा जो एक रंगीत त्रिकोण असतो त्याचे चारही प्रकार काढले होते आणि खाली लिहिलं होतं, 'रंग पाहून औषध ओळखा'. आमच्या अंकात लाल आणि हिरवा दोन्ही त्रिकोण सारखेच राखाडी आले. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हिरवासुद्धा विषच, हे तर कुठेच नव्हतं. आमच्याकडे हिरवा म्हणजे निर्धास्त, असंच धरून चालतात. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं या जिल्ह्यातली माणसं गेली आहेत, म्हणून राहवलं नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवते. घरी पऱ्हाटी (कपाशी) आहे, फवारणी मामाजी आणि दीर करतात. तेव्हा हाच विषय मी पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं काढायला घेतला. पहिल्या कागदावर मोजे, मास्क, वारा, मात्रा, रिकामे डबे, प्रथमोपचार, सगळंच कोंबलं. वारा दाखवायला डावीकडून उजवीकडे एक जाड बाण काढला आणि कागद मामाजींपुढे ठेवला. त्यांनी बराच वेळ त्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "सूनबाई, हा बान जाते तिकडेच फवारत जायाचं ना?"

वाऱ्याचा बाण त्यांनी चालण्याचा म्हणून वाचला! मला हवा कुठून येते ते सांगायचं होतं, कुठे चालायचं ते नव्हे. चूक त्यांची नव्हती, माझ्या बाणाची होती. मी तो खोडला. माणसाच्या गळ्यातला दुपट्टा उडताना काढला, पऱ्हाटीचे शेंडे त्याच बाजूला वाकवले. बाकीचं सारं पुसून टाकलं. दुसरा कागद पाहताच ते म्हणाले, "हवा इकडून हाये." मग काही समजावून सांगावं लागलं नाही.

मात्रेचंही तसंच. आपल्या चित्रात १० लिटर पाण्याला २० मिली असं उदाहरण होतं. आमच्या घरचा पाठीवरचा पंप १५ लिटरचा. धुऱ्यावर उभं राहून हे त्रैराशिक कोण मांडणार? तिथे टोपणानं माप होतं, आणि प्रत्येक डब्याचं टोपण वेगळं. पंपाचं चित्र, त्यावर '१५ लिटर', शेजारी मापाच्या भांड्यात ३० मिलीची रेघ, एवढं पुरतं.

१८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलरा पसरला, त्यानंतर डॉ. जॉन स्नो यांनी नकाशावर घरोघरच्या मृत्यूंच्या छोट्या काळ्या रेघा मांडल्या. रेघांची गर्दी एका पाण्याच्या पंपाभोवती दिसली. रोग कुठून येतो हा एकच प्रश्न आणि नुसती काळी शाई. नववीच्या मुलांना मी तो नकाशा फळ्यावर काढून दाखवते, तेव्हा पंपावर बोट ठेवायला त्यांना सांगावं लागत नाही.

आपले चित्रकार कुशल आहेत, यात शंका नाही. पण संगणकावर रंग भरण्याआधी चित्र कुठल्या पानावर जाणार, रंगीत की काळं-पांढरं, हे त्यांना कळवा. पान काळं-पांढरं असेल तर त्रिकोणाच्या आत 'लाल', 'पिवळा' असं अक्षरात लिहा. आणि कच्चं चित्र पक्कं होण्याआधी दोन-चार शेतकऱ्यांसमोर धरा, 'कळलं का?' असं विचारू नका, 'यात काय करायला सांगितलंय?' असं विचारा. पोळ्याच्या आधी फवारणीवर पुन्हा चित्र द्यायचं असेल तर पेन्सिलचा नमुना माझ्याकडे पाठवा. शनिवारी शाळा सकाळची असते, मी तो दुपारी पारावर घेऊन बसेन आणि कोण काय म्हणालं ते लिहून सोमवारी परत पाठवीन.

आपली वाचक,
एक चित्रकला शिक्षिका
ता. राळेगाव, जि. यवतमाळ