एसीतला गॅस ‘संपत’ नाही, गळतो

संपादक महोदय,

उकाडा सुरू झाला की मुंबईत घरोघरी एक वाक्य ऐकू येते : ‘गॅस कमी झालाय, भरावा लागेल.’ एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. नळ्यांच्या बंद चक्रात तोच गॅस वर्षानुवर्षे फिरतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता वर गॅस भरला तर पुढच्या मोसमात तोही हवेत जाणार.

हरितगृह वायू म्हटले की गाड्या आणि चिमण्या आठवतात; खिडकीबाहेर टांगलेल्या आउटडोअरकडे कोणाचे लक्ष जात नाही. पृथ्वी अवकाशात जी उष्णता सोडते, तिच्यातला मोठा भाग ८ ते १२ मायक्रोमीटरच्या अवरक्त पट्ट्यातून निसटतो. या पट्ट्यात पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड फारसे आड येत नाहीत. एसीच्या गॅसमधला कार्बन-फ्लोरिन बंध मात्र नेमकी तीच वाट अडवतो. त्यामुळे १०० वर्षांच्या हिशोबाने, एसीत भरल्या जाणाऱ्या गॅसपैकी एक किलो आर-४१०ए सुमारे २०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो, आर-२२ सुमारे १८०० आणि आर-३२ सुमारे ६७५. आर-३२ च्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आहेत. हवेतले हायड्रॉक्सिल नावाचे क्रियाशील कण ते हिसकावतात आणि रेणू साधारण पाच वर्षांत मोडतो. म्हणून त्याचा आकडा कमी. पण २० वर्षांचाच हिशोब धरला तर तो अडीच हजारांच्या आसपास जातो. नव्या एसीवरचे हिरव्या पानाचे स्टिकर ओझोनपुरते खरे आहे, तापमानाचे ते काही सांगत नाही.

दीड टनी एसीत ८०० ग्रॅम आर-३२ असेल आणि तो सगळा सुटला, तर ते सुमारे ५४० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचे झाले. कोळशावर चालणाऱ्या आपल्या ग्रिडची जवळपास साडेसातशे युनिट वीज म्हणजे एवढाच धूर. पाच तारे पाहून एसी घेणाऱ्याची कित्येक वर्षांची बचत अशी दोन मिनिटांत उडते.

घर बदलताना हे सर्रास घडते. घाईत नट सैल केला जातो, ‘फुस्स’ आवाज येतो, नळीच्या तोंडाशी पांढरे धुके दिसते आणि काम झाले असे समजतात. खरे तर जवळपास सगळा गॅस आउटडोअरमध्ये कोंडून ठेवता येतो. एसी कूलिंगवर चालू करायचा, जाड नळीच्या सर्व्हिस पोर्टला दाब मोजणारा गेज लावायचा, बारीक नळीचा व्हॉल्व्ह ॲलन कीने पूर्ण बंद करायचा. थोड्याच वेळात काटा खाली येऊ लागतो. तो शून्याच्या जरासा वर असतानाच जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करून लगेच स्विच पाडायचा. शून्याखाली खेचत राहिले तर सैल सांध्यातून हवा आत ओढली जाते. तेल आणि हवा कॉम्प्रेसरमध्ये एकत्र दाबली गेली की तो फुटू शकतो. इन्व्हर्टर एसीत खोली आधीच थंड असेल तर कॉम्प्रेसर मंदावतो, म्हणून त्याला टेस्ट मोडवर टाकावे लागते. कॉम्प्रेसरच बंद पडला असेल तर ही युक्ती चालत नाही. मग रिकव्हरी मशीन आणि वेगळा सिलिंडर हवा, आणि तो ८० टक्क्यांच्या वर भरायचा नाही. गाडीच्या डिकीत तापलेल्या सिलिंडरात द्रव फुगायला जागा लागते.

गळती शोधणे हे सगळ्यात कंटाळवाणे काम, म्हणूनच ते टाळले जाते. गॅसबरोबर थोडे तेलही बाहेर येते, त्यामुळे नटाशी किंवा कॉइलच्या जाळीवर धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसला की निम्मे काम झाले. उरलेल्यासाठी कोरडा नायट्रोजन दाबाने भरून साबणाचा फेस लावतात. (ऑक्सिजनचा सिलिंडर हाताशी आहे म्हणून तो कधीही वापरू नये, आतल्या तेलाबरोबर स्फोट होतो.) आपल्याकडची खारी हवा जाळीला आधी खाते, त्याखालोखाल दोषी असतो तो जास्त आवळून तडकलेला फ्लेअर, म्हणजे नटाखालचे नळीचे पसरवलेले तोंड.

दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंप लावून ५०० मायक्रॉनपर्यंत (हे पोकळीतल्या दाबाचे एकक) खाली जायला हवे. पंप वर चढवायचा कंटाळा म्हणून पुष्कळ ठिकाणी थोडा गॅस सोडूनच नळ्यांतली हवा बाहेर ढकलली जाते. त्यात गॅस तर जातोच, शिवाय दमट हवेतले पाणी आत राहते. आर-४१०ए आणि आर-३२ सोबतचे तेल पाणी शोषते, आम्ल तयार होते आणि कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगला लागते. गॅस भरायचा तो आउटडोअरच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाने, डिजिटल काट्यावर. नुसता गेज पाहून नव्हे. दाब बाहेरच्या उन्हाप्रमाणेही बदलतो.

भारताने २०२१ मध्ये असे तापवणारे वायू घटवण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराला, म्हणजे मॉन्ट्रियल करारातील किगाली दुरुस्तीला, मान्यता दिली. २०२८ पासून आर-४१०ए, आर-३२ यांसारख्या वायूंचा वापर गोठवायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवायचा असे ठरले आहे. हा हिशोब उत्पादन आणि आयात-निर्यातीचा आहे. आज भिंतींवर लागलेल्या एसींमध्ये भरलेला गॅस त्यात मोजला जात नाही, आणि कुर्ल्याच्या भंगारात पकडीने नळी कापली की तो कुणाच्याच खात्यावर लागत नाही. तांब्याला भाव आहे, गॅसला नाही. काढलेल्या गॅसचे वजन करून पैसे देणारे केंद्र प्रत्येक वॉर्डात निघाले तर पकड चालवणाराच तो सिलिंडरात धरेल, असे आमचे मत आहे.

तोवर हाउसिंग सोसायट्यांनी वार्षिक कंत्राटात एक अट घालावी : बिलावर नुसते ‘गॅस चार्जिंग’ चालणार नाही. कोणता गॅस, किती ग्रॅम, गळती कुठे सापडली आणि एसी काढताना किती गॅस परत मिळाला, हे लिहिलेले हवे.

– वातानुकूलन दुरुस्तीच्या व्यवसायातील काही वाचक, दादर, मुंबई