बिसचा आकडा म्हणजे हमी नव्हे

संपादक महोदय,

शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाला जाग येण्याबद्दल आपल्या पुरवणीत लेख आला. प्रत्येक थिएटरात बिस मॉनिटर (भूल किती गाढ आहे ते आकड्यात दाखवणारे यंत्र) सक्तीचा करा, ही त्यातली मागणी घाईची वाटते.

कपाळावर चिकटवलेल्या चार इलेक्ट्रोडच्या पट्टीतून मेंदूचे विद्युत्‌तरंग घेऊन बिस ० ते १०० मधला आकडा दाखवते. पूर्ण भुलेत तो ४० ते ६० असावा लागतो. पण हा आकडा मागच्या काही सेकंदांचा हिशेब असतो, त्यामुळे तो उशिराच बदलतो. कॉटरी (विजेने कापण्याचे आणि रक्तस्राव थांबवण्याचे उपकरण) सुरू झाली की सिग्नल बिघडतो. केटामाइन हे भुलीचे औषध दिले की रुग्ण गाढ असूनही आकडा चढतो. खरी गोम पुढे आहे: कपाळाच्या स्नायूंची हालचालही या आकड्यात मिसळते. पूर्ण जाग्या स्वयंसेवकांना फक्त स्नायू शिथिल करणारे औषध दिले, तेव्हा तो ६० च्या खाली उतरला होता!

२००४ च्या बी-अवेअर चाचणीत, जोखमीच्या सुमारे अडीच हजार रुग्णांत, जाग येण्याच्या घटना बिस गटात २ आणि नेहमीच्या पद्धतीत ११ होत्या. लेखात एवढेच आले. २००८ च्या बी-अनअवेअर चाचणीत एका गटाची भूल बिस पाहून दिली; दुसऱ्या गटासाठी श्वासातून बाहेर पडणाऱ्या भुलीच्या वायूचे प्रमाण ०.७ ते १.३ मॅक (भुलीच्या वायूची मात्रा मोजण्याचे एकक) ठेवून गजर लावले, तेव्हा दोन्हीकडे २-२ घटना निघाल्या. म्हणजे वायू नीट मोजला तर बिसचा वेगळा फायदा दिसला नाही.

ब्रिटनच्या २०१४ च्या नॅप-५ या देशव्यापी पाहणीत अशा तक्रारींचे प्रमाण १९,००० भुलींमागे एक होते. स्नायू शिथिल केलेल्यांत ८,००० मागे एक, सिझेरियनमध्ये ६७० मागे एक. बहुतेक घटना भूल चढवताना किंवा उतरवताना घडल्या. कारणेही साधीच असतात. श्वासनलिकेत नळी घालायला वेळ लागतो, तोवर शिरेतून दिलेले प्रोपोफॉल उतरू लागते आणि सेव्होफ्ल्युरेन हा भुलीचा वायू अजून चढलेला नसतो. तिथे प्रोपोफॉलचा आणखी डोस द्यायचा असतो. व्हेपोरायझर (भुलीच्या द्रवाची वाफ करणारा यंत्राचा भाग) रिकामा होतो किंवा पुन्हा सुरू करायचा राहतो. शेवटी शिथिलीकरण पुरते उतरण्याआधीच भूल बंद होते. म्हणून नर्व्ह स्टिम्युलेटरवर (मज्जातंतूला विजेचे झटके देऊन स्नायूचा प्रतिसाद पाहणारे यंत्र) ट्रेन-ऑफ-फोरचे गुणोत्तर, म्हणजे चार झटक्यांतल्या चौथ्या प्रतिसादाचे पहिल्याशी प्रमाण, ०.९ झाल्याशिवाय रुग्णाला उठवू नये.

बिस जिथे हवेच, ती जागा म्हणजे स्नायू शिथिल करून फक्त शिरेतून दिलेली भूल. तिथे मोजायला वायूच नसतो. कॅन्युला (शिरेत घातलेली औषधाची बारीक नळी) चादरीखाली सरकली तर सिरिंज पंप खुशाल चालू राहतो आणि औषध कातडीखाली साचते. कॅन्युला डोळ्यांसमोर हवी, ती याचसाठी.

तेव्हा सक्ती करायचीच, तर आधी प्रत्येक भूलयंत्राला वायू विश्लेषक आणि ०.७ मॅकचा गजर लावण्याची करा. एकदाच वापरायच्या महागड्या पट्ट्यांचे नंतर पाहू.

शस्त्रक्रियेनंतर तीन प्रश्न मात्र फुकट विचारता येतात: झोप लागण्यापूर्वीचे शेवटचे काय आठवते? उठल्यावरचे पहिले काय? मधले काही आठवते का? हे लगेच विचारावेत आणि काही दिवसांनी पुन्हा विचारावेत, कारण अनेकांना ती आठवण उशिरा येते.

– एक भूलतज्ज्ञ, पुणे