थांबवायचा अधिकार कोणाकडे?

प्रिय अनू,

सप्रेम नमस्कार.

स्वतंत्र संचालक म्हणून तुझी नेमणूक झाली हे वाचून फार आनंद झाला. संचालक मंडळामुळे कंपनीचं पर्यावरणाशी, माणसांशी वागणं खरंच बदलतं का, असं तू विचारलं आहेस. बदलतं, याबद्दल मला शंका नाही. पण किती समित्या आहेत, यावरून ते ओळखता येत नाही.

रिओ टिंटो या बड्या खाण कंपनीचंच बघ. मे २०२० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारात लोहखनिजासाठी त्यांनी जुकन घळीतली दोन प्राचीन निवारास्थळं सुरुंगाने उडवली. तिथे ४६,००० वर्षांपूर्वीपासून माणसाचा वावर होता. २०१४ च्या उत्खननात केसांची वेणी घालून केलेल्या, सुमारे ४,००० वर्षं जुन्या पट्ट्याचा तुकडा मिळाला होता. त्याचा डीएनए तिथल्या पुटू कुंती कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांशी जुळला. त्यांच्याच पूर्वजांचे केस गं ते! आणि हे सगळं रीतसर, २०१३ सालच्या सरकारी परवानगीने.

कंपनीत वारसा जपायचं धोरण होतं, मंडळाची शाश्वतता समितीसुद्धा होती. पण स्थानिक समाज आणि वारसा सांभाळणारे लोक जनसंपर्काच्या साखळीत, खाण चालवणारे दुसऱ्याच. उत्खननात काय सापडलं, त्याचं मोल वरपर्यंत पोचलंच नाही. ऑगस्टमध्ये मंडळाने चौकशी करून तिघा वरिष्ठांचे बोनस कापले आणि तेवढ्यावर भागवायला बघितलं. मला याचा अजूनही संताप येतो. मोठे गुंतवणूकदार आणि पेन्शन फंड हटून बसले, तेव्हा सप्टेंबरात मुख्याधिकारी ज्याँ-सेबास्तियाँ जाक यांच्यासह तिघांचं पायउतार होणं जाहीर झालं.

आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १६६ संचालकावर पर्यावरण रक्षणाचीही जबाबदारी टाकतं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर अहवाल, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार यांबाबत कंपनी कशी वागते याचा अहवाल, सक्तीचा केला आहे. तुमचा अहवाल समोर आला की आकड्यांआधी एवढं विचार: पर्यावरण विभागाचा प्रमुख कोणाला रिपोर्ट करतो? गरज पडली तर तो उत्पादन थांबवू शकतो का? एमडींच्या बोनसमध्ये सांडपाणी, कामगारांची सुरक्षा यांना किती वजन आहे? उत्तर गोलमोल आलं, तर तुझा प्रश्न इतिवृत्तात नोंदवायला लाव. नवीन आहेस म्हणून संकोच करू नकोस.

पहिल्या बैठकीची कागदपत्रं आली की फोन कर, रात्री उशीर झाला तरी चालेल. काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
वसू